काल्हेरची हिरवी गाडी

सफिया: आणि बकऱ्या कुठं बसवायच्या?

कासम: गाडीत बकऱ्या कशाला बसवायच्या?

सफिया: बकरीदच्या आधी पडघ्याहून तुम्हीच आणता ना. मागच्या साली रिक्षातून आणल्या, एक तुमच्या मांडीवर, एक लूम दुरुस्त करणाऱ्या लडकू जॉबरच्या मांडीवर. आता घरची गाडी येणार बोलताय, म्हणून विचारलं.

कासम: सफिया, मी अर्ध्या तासापासून तुला काय सांगतोय? स्पोर्ट कार हाय ती. विलायती एमजी. दोन माणसं बसतात, बस्स. बकरी, गादी, तांदळाचं पोतं, तुझ्या माहेरची माणसं, काय बसत न्हाय तिच्यात.

सफिया: माहेरची माणसं बसत न्हाय, म्हणूनच तर पसंत पडली असेल.

कासम: मस्करी नको. शुक्रवारची बंद लाईट पाच वाजता येणार, खाली लूम चालू होणार, मग कोण कोणाचं ऐकतो? त्याआधी मला हो न्हायतर न्हाय सांग. रुस्तमशेठ सहा वाजेपर्यंत काल्हेरच्या गोडाऊनवर थांबलाय, खास माझ्यासाठी. गोडाऊन त्यानं भाड्यानं दिलं. उद्या सकाळी दुसऱ्याचा माल उतरणार. आज गाडी माझ्या हातात आली न्हाय तर उद्या भंगारवाला तिचे पाय तोडून घेऊन जाईल.

सफिया: गाडीला पाय नसतात.

कासम: मला दिसतात.

सफिया: बसा आधी. जुम्म्याची नमाज पढून आल्यापासून खिडकी ते दरवाजा, दरवाजा ते खिडकी, लुमातल्या धोट्यासारखे चाललाय. मला चक्कर येते.

कासम: बसलो. हे बघ, बसलो. आता बोल.

सफिया: टेबल वाजवू नका. एक थाप, दोन थापा. मी काय तुमच्या लुमावरचा कारागीर हाय? मालकानं मागून येऊन खांद्यावर एकदा थोपटलं की बंद कर, दोनदा थोपटलं की चालू दे. ते खाली शेडमध्ये. इथं वर तोंडानं बोलायचं.

कासम: तोंडानंच बोलतोय ना. अब्बांची सवय हाय ती, हातात उतरलीय, तिला मी काय करू? बरं, ऐक. वीस-बावीस वर्षं ती गाडी पेंढ्याखाली झाकून होती. हिरवा रंग अजून जिवंत हाय. एक ओरखडा डाव्या बाजूला, तेवढाच. आत लाकडाचं स्टिअरिंग. सीट चामड्याच्या, उंदरांनी थोड्या खाल्ल्यात.

सफिया: आणि छप्पर?

कासम: छप्पर कापडाचं असतं. पायजे तेव्हा वर घ्यायचं, न्हायतर मागं टाकायचं.

सफिया: कापड पण उंदरांनी खाल्लं?

कासम: ते पुरं खाल्लं. पण कापडाचं काय घेऊन बसलीस? बारा लूमचा मालक हाय मी. आपल्याच लूमवरचं कोरं ग्रे कापड लावीन, तिहेरी शिवून.

सफिया: वा. म्हणजे भिवंडीत पहिल्यांदाच कोणीतरी स्वतःच्या कापडाखाली भिजेल.

कासम: हसलीस. बघ, हसलीस.

सफिया: हसले म्हणजे हो बोलले असं न्हाय. जमिनीपासून किती वर हाय ती?

कासम: हाय की. चार बोटं. पाच असतील.

सफिया: आपल्या गल्लीतला खड्डा ढोपरापर्यंत हाय.

कासम: हळू काढीन. बाजूनं.

सफिया: बाजूला गटार हाय.

कासम: सफिया, तू खड्डे मोज, गटारं मोज, मग धामणकर नाक्यावरच्या हातगाड्या मोज. मी न्हाय कधी बोल्लो? चिखलात रुतेल, पोरं तिच्यात चढून बसतील, लोक बोलतील कासमचं डोकं फिरलं. सगळं मंजूर. मागचे चार लूम विकतो, गाडी येते, राहिले आठ. दोन माणसांना आठ लूम कमी हायत? पोरगा सिराज तिकडं बहारीनला कमावतो, त्याला आपल्या लुमाचं काय पडलेलं न्हाय. मी कोणासाठी बारा ठेवू?

सफिया: विका.

कासम: काय?

सफिया: चार लूम विका. आठ विकले तरी मी विचारणार न्हाय. ती धडधड कमी झालेली मला चालेल.

कासम: मग गाडी आणू?

सफिया: ते मी बोलले न्हाय.

कासम: मग अडलं कुठं? पैशाला हरकत न्हाय, लूमला हरकत न्हाय. खड्ड्याची हरकत ही हरकत असते? खरं बोल, लोक हसतील म्हणून? तुझी बहीण काय बोलेल म्हणून?

सफिया: माझी बहीण काय बोलेल ते मला पाठ हाय. त्याचं भ्या न्हाय. परत उठलात तुम्ही.

कासम: पाय राहत न्हाय जागेवर. चार वाजून गेले. तू अशी गोल गोल फिरवशील आणि तिकडं तो म्हातारा कुलूप लावून ठाण्याला निघून जाईल.

सफिया: दर शुक्रवारी तुमचं असंच असतं. लूम बंद झाले की घर खायला उठतं तुम्हाला. आजच न्हाय. दोन वर्षं बघते मी. सगळी भिवंडी शुक्रवारी घरात झोपते, आणि तुम्ही नमाज झाली की नाक्यावर, न्हायतर पूर्णा, न्हायतर काल्हेर.

कासम: काम असतं.

सफिया: शुक्रवारी कोणाचं काम असतं? बरं, चहा टाकते.

कासम: टाक. आलं घाल. मी तुला तिच्या मीटरचं सांगितलं का? गोल हायत, जुन्या घड्याळासारखे. काच फुटलेली न्हाय.

सफिया: तुमच्या कपाटात ठाण्याच्या डॉक्टरचा कागद सापडला मला.

कासम: आणि हॉर्न असा रबराचा न्हाय हां, बटणाचा हाय. रुस्तमशेठ बोल्ला, बॅटरी नवीन टाकलीय.

सफिया: सिराजला फोन करून सांगू का मी?

कासम: टायर तेवढे बदलावे लागतील. आपल्या नाक्यावरचा दौलत टायरवाला बोल्ला, आणून देतो.

सफिया: मी घर सोडून आईकडं चालले, कासम.

कासम: दौलत माणूस चांगला हाय. फसवणार न्हाय.

सफिया: आता बघा हिकडं. माझ्या तोंडाकडं बघा. दिसतंय?

कासम: दिसतंय. काय झालं?

सफिया: मी स्टोव्हकडं तोंड करून तीन गोष्टी बोलले. तुमच्याकडं पाठ करून. काय बोलले, सांगा.

कासम: स्टोव्हचा आवाज होता.

सफिया: स्टोव्ह अजून पेटवलाच न्हाय.

कासम: मग माझं ध्यान न्हवतं. गाडीत होतं.

सफिया: तिसऱ्या वेळी मी तुमचं नाव घेतलं. निकाह झाल्यापासून मी तुमचं नाव घेतलं न्हाय. आज घेतलं, आणि तुम्ही टायर सांगत बसलात.

कासम: परत घे. आता बघतोय मी.

सफिया: आता न्हाय. एकदा गेलं ते गेलं. ठाण्याच्या डॉक्टरकडं कधी गेला होता?

कासम: कोणी सांगितलं तुला?

सफिया: कागदानं. कपाटात लपवून कागद ठेवायचे आणि कपाट बायकोला लावायला सांगायचं, असं करू नये.

कासम: रमजानच्या आधी गेलो. मागच्या खेपेला सिराजचा फोन आला, आठवतं? मुनीरा बोलायला आली. आपली नात, साडेतीन वर्षांची, पहिल्यांदा फोनवर. तू मला रिसिव्हर दिलास. मला एक अक्षर ऐकू आलं न्हाय, सफिया. मी हां हां करत बसलो. मग लाईन खराब हाय बोलून तुझ्या हातात दिला.

सफिया: लाईन साफ होती. ती तुम्हाला विचारत होती, तुमच्याकडं पतंग हाय का. तुम्ही हां हां केलंत, म्हणून पोरगी अजून पतंगाची वाट बघते.

कासम: मला कोणी सांगितलं न्हाय.

सफिया: कसं सांगणार? तुम्ही लगेच नाक्यावर निघून गेलात. डॉक्टर काय बोल्ला?

कासम: बारीक आवाज गेले बोल्ला. पाखरं, पोरं, बायका. जाडे आवाज हायत अजून. ते पण जातील. कधी, ते त्यालाही मालूम न्हाय. मला विचारतो, किती वर्षं लुमात हाय? मी बोल्लो, जन्मलो तेव्हा आईच्या खाटेखालीच दोन लूम चालू होते. मग विचारतो, इतकी वर्षं कळलं कसं न्हाय तुम्हाला? आता त्याला काय सांगू? आमच्या घरात बहिरा माणूस ओळखायचा कसा? लूम चालू असला की सगळेच बहिरे. सगळेच हातानं बोलतात, ओठ बघून बोलतात. मी पण तसाच, असं मला वाटायचं. दुसऱ्या कोणाच्या घरात असतो तर आठ दिवसांत कळलं असतं.

सफिया: शुक्रवारी कळायचं.

कासम: हां. शुक्रवारी कळायचं. म्हणून तर शुक्रवारी मी घरात थांबत न्हाय.

सफिया: मला माहीत हाय.

कासम: कधीपासून?

सफिया: तुमच्या आधीपासून. मी कपडे वाळत घालताना मागून हाक मारायची. आधी दोनदा मारावी लागायची. मग चारदा. मग मी मारायचं सोडलं. पुढं येऊन उभी राहायला लागले.

कासम: आणि बोलली न्हायस.

सफिया: तुम्ही तरी कुठं बोललात? आता गाडीचं सांगा. खरं सांगा. लाकडाचं स्टिअरिंग नको मला.

कासम: खरं म्हणजे. मी बारा वर्षांचा होतो. अब्बांनी मला हातगाडीबरोबर काल्हेरला खाडीवर पाठवलं, तागे होड्यांत चढवायला. तोपर्यंत मी जगात एकच आवाज ऐकलेला. खटाखट, खटाखट. घरात तो, मशिदीच्या मागं तो, शाळेच्या भिंतीपलीकडं तो. आणि त्या दिवशी खाडीच्या रस्त्यानं ही गाडी आली. तेव्हा नवीकोरी. रुस्तमशेठ जवान, डोळ्यावर काळा चष्मा. तिचा आवाज मला छातीत लागला. म्हणजे आवाज असा पण असतो, हे मला तेव्हा कळलं. हातगाडीवरून एक तागा चिखलात पडला, अब्बांनी रात्री मला बदडला, आणि मी मार खाताना तोच आवाज मनात काढत होतो.

सफिया: हे तुम्ही मला कधी सांगितलं न्हाय.

कासम: लुमाच्या आवाजात हातानं कसं सांगू? हातानं चहा सांगता येतो, धागा तुटला ते सांगता येतं. हे कसं सांगणार? आता गेल्या सोमवारी मी त्या गोडाऊनवर गेलो, माल बघायला. रुस्तमशेठ बोल्ला, कासम, बघायची का? पेंढा काढला. चावी फिरवली. पहिल्यांदा खोकली. मग चालू झाली. मी बोनेटवर हात ठेवला, आणि मला ऐकू आली, सफिया. अर्धी न्हाय, पुरी. जाडा आवाज हाय ना तिचा, तो अजून माझ्यात शिल्लक हाय. मी तिथं पारशाच्या समोर रडलो. तो बिचारा बोल्ला, गाडी घेऊन जा, किंमत तू सांग.

सफिया: म्हणून तुम्ही किंमत पण बरी सांगितली असेल.

कासम: चार लूमची सांगितली. कमी सांगायला लाज वाटली. बघ, माझ्याकडं आता जाडे आवाजच राहिलेत. त्यात लूम सोडला तर चांगला असा हा एकच. कान बंद होईपर्यंत मला फक्त लूम ऐकत राहायचं न्हाय. आता तू काय ते बोल. मी बसलोय. टेबल पण वाजवत न्हाय.

सफिया: माझी हरकत सांगू?

कासम: सांग.

सफिया: मी या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी तुमच्या अम्मींनी मला सांगितलं, इथं माणसाकडं पाठ करून बोलायचं न्हाय. मी तेव्हापासून तुमच्याकडं तोंड करून बोलते. भाजी चिरताना, केस विंचरताना, तुमच्यावर चिडलेली असताना पण. माझे अब्बा गेले तेव्हा मला भिंतीकडं तोंड करून रडायचं होतं. तसं पण केलं न्हाय. तुमच्याकडं बघत रडले, कारण मी रडताना काय बोलते ते तुम्हाला कळायला पायजे होतं.

कासम: आठवतं मला.

सफिया: त्या गाडीत दोनच सीट. तुम्ही आणि मी. तुमचं तोंड रस्त्याकडं, माझं तोंड रस्त्याकडं. वर तिचा जाडा आवाज. तुम्हाला तुमचा आवाज मिळेल. मी तुमच्या बाजूला बसून काय काय बोलेन, आणि तुम्ही टायर सांगत बसाल. आता सांगा, ही हरकत खड्ड्याएवढी हाय की मोठी?

कासम: मोठी हाय.

सफिया: बस्स. तेवढंच.

कासम: याचा मी विचार केला न्हवता. खुदा कसम, केला न्हवता. तू बाजूला बसशील एवढाच केला. लाल ओढणी घेतलेली, ती वाऱ्यानं उडते. ओढणी दिसली मला. ओठ न्हाय दिसले.

सफिया: लाल ओढणी माझ्याकडं न्हाय.

कासम: घेतली असती. थांब. आरसा लावू. मागचं बघायचा आरसा असतो ना, तसा एक जादा. तुझ्या तोंडावर फिरवून ठेवू.

सफिया: आणि समोरचा ट्रक कोण बघणार?

कासम: तू बघ. तू बघून मला सांग, मी आरशात वाचतो.

सफिया: ट्रक आला हे वाचेपर्यंत आपण ट्रकखाली.

कासम: मग आरसा नको. खांदा हाय की माझा. डावा तुझ्याच बाजूला असणार. एकदा थोपट, मी थांबवतो. दोनदा थोपट, चालवतो. आपल्या शेडमधला कायदा गाडीत.

सफिया: थांब आणि चाल. एवढंच मला बोलायचं असतं का तुमच्याशी?

कासम: न्हाय. ऐक, आता मला नीट सुचलं. तू एकदा थोपटलंस की मी गाडी कडेला घेणार. इंजिन बंद करणार. चावी काढून तुझ्या हातात देणार. मग पुरा वळून तुझ्याकडं तोंड करणार, आणि तू बोल. खाडीबद्दल बोल, बहिणीबद्दल बोल, मुनीराच्या पतंगाचं बोल. तुझं संपलं की दोनदा थोपट. त्याआधी गाडी हलणार न्हाय.

सफिया: धामणकर नाक्यावर मधेच बोलावंसं वाटलं तर?

कासम: धामणकर नाक्यावर पण थांबवीन.

सफिया: मागचे ट्रकवाले हॉर्न मारून जीव घेतील.

कासम: मारू देत. मला कुठं ऐकू येणार हाय?

सफिया: आता तुम्ही हसवू नका मला. मी हसले की तुम्हाला वाटतं झालं.

कासम: सिग्नलला, नाक्याला, काल्हेरला पोहोचेपर्यंत तू दहा वेळा थांबव. मला तिथं पोहोचायची घाई न्हाय. पाचला किती कमी?

सफिया: लाईट आली. बल्ब बघा.

(खाली बारा लूम एकदम चालू होतात.)

कासम: गेला तुझा आवाज. सफिया, हिकडं तोंड कर. हो का न्हाय ते राहिलंच. कुठं गेलीस? मागं का उभी राहिलीस? मला तुझे ओठ दिसत न्हायत.

सफिया: दिसू नयेत म्हणूनच उभी हाय. आज पहिल्यांदा मनातलं तुमच्या पाठीमागून बोलते, कासम. तुमचे कान जातील याचं मला एवढं भ्या न्हाय. तुम्ही शुक्रवारी घराबाहेर पळता, त्याचं हाय. मुनीराचा पतंग मी आणते. लाल ओढणी तुम्ही आणा.

कासम: काय बोलतेयस? श्वास लागतोय मानेला. बोलतेयस ना काहीतरी? पुढं ये. असं नको करूस.

सफिया: झालं माझं बोलून.

कासम: एक. एकदा थोपटलंस. बरं. बंद तर बंद. मी रुस्तमशेठला फोन करून सांगतो, नको बोल्ली म्हणून. तुझं बरोबर हाय. माझा राग न्हाय.

कासम: थांब.

कासम: दोन.